कृष्णकमळ म्हणजे नेमकी कोणती वेल?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाच्या तोंडावर टिळकवाडी, शहापूर, वडगावच्या कुंपणांवर कृष्णकमळ फुलू लागले की आपल्या दैनिकाच्या शहर पानावर त्याचे छायाचित्र येते. खालचा मजकूर बहुधा ठरलेला असतो : शंभर कौरव, पाच पांडव, मधोमध श्रीकृष्ण, असे दुर्मीळ फूल अमक्यांच्या अंगणात उमलले. फुलाचे कौतुक व्हावे, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'कृष्णकमळ' या एका नावाखाली आपल्या भागात निदान चार-पाच वेगवेगळ्या वेली वाढतात. त्यांतली एक फळासाठी लावतात, एक निव्वळ शोभेची आहे, एक रानात माजलेले तण आहे. सगळ्यांना एकच समजल्यामुळे माणसे फळाच्या आशेने शोभेची वेल चार वर्षे पाळतात आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून नको त्या वेलीची पाने उकळून पितात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

मुळात हे कमळ नव्हे. कमळाशी त्याचे दूरचेही नाते नाही. शास्त्रीय भाषेत ही पॅसिफ्लोरा प्रजाती. हिच्या पाचशेहून अधिक जाती असून बहुतेक सगळ्या मूळच्या अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या. आशिया-ऑस्ट्रेलियाकडच्या जाती मोजक्याच. आपल्या बागांत दिसणाऱ्या वेली साता समुद्रापलीकडून आलेल्या आहेत. त्यामुळे कौरव-पांडवांची कल्पना सुंदर असली तरी ती वेल इथे रुजल्यानंतर सुचलेली आहे. युरोपातल्या धर्मगुरूंनीही १७व्या शतकाच्या आरंभी हेच केले होते : केसरांच्या झालरीत त्यांना ख्रिस्ताचा काटेरी मुकुट दिसला, पाच पुंकेसरांत (पराग देणारे नर अवयव) पाच जखमा आणि तीन कुक्षींत (पराग स्वीकारणारी टोके) तीन खिळे. 'पॅशन फ्लॉवर' या इंग्रजी नावातला 'पॅशन' हा शब्द तिथून आला. त्याचा अर्थ ख्रिस्ताच्या यातना; प्रेमाच्या ओढीशी त्याचा संबंध नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तेच नाव लॅटिन रूपात, 'पॅसिफ्लोरा' म्हणून, शास्त्रात कायम केले. एकाच फुलात दोन धर्मांच्या लोकांनी आपापली कथा वाचली, कारण फुलाची रचनाच मोजायला लावणारी आहे. तेव्हा ती नीट मोजूया.

फूल तोडून आधी उलटे धरावे. देठाजवळ तीन हिरवी छदे, म्हणजे फुलाखालची पानासारखी दले, दिसतील, फुलाच्या बुडाशी बांधलेल्या वाटीसारखी. त्यांच्या पुढे पाच संदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले. वरून पाहताना दहा पाकळ्या आहेत असे वाटते, पण त्यांतल्या पाचच खऱ्या पाकळ्या. उरलेली पाच संदले आतून पाकळीसारखी रंगतात आणि पाठीकडून हिरवी राहतात. पुष्कळ जातींत संदलाच्या टोकाखाली, मागच्या बाजूला, एक बारीक शिंगासारखा आकडा असतो. बोट फिरवले की तो लागतोच.

आता फूल सरळ करा. ज्यांना कौरव म्हणतात ते तंतू पाकळ्या नव्हेत आणि पुंकेसरही नव्हेत. या कुळात उत्पन्न झालेला तो वेगळाच अवयव आहे. हे तंतू एका ओळीत नसतात, अनेक वलयांत असतात. बाहेरची वलये लांब, आतली आखूड. त्यांची संख्या शंभर अशी ठरलेली नाही. जातीप्रमाणे, फुलाप्रमाणे ती बदलते. तंतूंवरचे रंगाचे पट्टे कीटकाला मध कुठे आहे ते दाखवतात. मध तंतूंच्या तळाशी, एका खोलगट खाचेत असतो आणि त्या खाचेवर पातळ पडद्याचे झाकण असते. हे झाकण सारून आत जीभ घालायची तर कीटक दणकट हवा.

मधोमध एक उभा दांडा. हीच या प्रजातीची खरी खूण. बहुतेक फुलांत पुंकेसर पाकळ्यांच्या बुडाशी असतात. इथे पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही त्या दांड्यावर चढवून ठेवलेले आहेत. पाच पुंकेसर आडवे पसरतात आणि त्यांचे परागकोश खाली तोंड करून लोंबतात. त्यांच्या वर गोल अंडाशय, त्यावर तीन कुक्षीवृंत, प्रत्येकाच्या टोकाला एक कुक्षी. अंडाशय आडवा कापून भिंगाखाली धरला तर बीजांडे (पुढे ज्यांचे बी होते ते कण) मध्यभागी नसून भिंतीला तीन रांगांत चिकटलेली दिसतात. पपई कापल्यावर बिया अशाच भिंतीला लागलेल्या असतात. बेंथम आणि हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांच्या १९व्या शतकातल्या वर्गीकरणात पपईला याच कुळात जागा होती. आता ती मोहरीच्या गणात गेली आहे आणि कृष्णकमळाचे कुळ एरंड, कसावा, जवस यांच्या गणात आले आहे.

वेल फुलावर नसेल तेव्हा ताणे पाहावेत. दोडका, पडवळ, भोपळा यांचा ताणा पानाच्या देठाच्या बाजूने निघतो आणि पुष्कळदा त्याला फाटे असतात. अथणीकडच्या द्राक्षबागेत ताणा पानाच्या बरोबर समोरून निघालेला दिसतो. कृष्णकमळाचा ताणा पानाच्या बगलेतून निघतो, त्याला फाटे नसतात, आणि फुलाचा देठही त्याच बगलेतून त्याच्याशेजारी येतो. कारण हा ताणा म्हणजे बदललेला पुष्पदांडाच आहे. आधार सापडला की तो अर्ध्यापर्यंत एका दिशेने आणि पुढे उलट्या दिशेने पिळतो, त्यामुळे वाऱ्यात वेल स्प्रिंगसारखी झोके खाते, तुटत नाही.

पानाच्या देठावर भिंगाशिवायही दिसणाऱ्या बारीक गाठी असतात. त्या मधुग्रंथी. फुलाबाहेर मध कशाला, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्या मधावर मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या वावरामुळे पाने खाणाऱ्या किड्यांना त्रास होतो. वेलीवर मुंग्या दिसल्या म्हणून पावडर मारू नये. त्या वेलीच्याच राखणदार आहेत.

आता आपल्याकडच्या जाती. पान पाच बोटांचे, कडा गुळगुळीत, देठाच्या बुडाशी अर्धचंद्रासारखी मोठी उपपर्णे (पानाच्या देठालगतची जोडपाने), पाकळ्या पांढरट आणि तंतू बुडाशी जांभळे, मध्ये पांढरे, टोकाला निळे : ही पॅसिफ्लोरा सेरुलिया, मूळची दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागातली. तिला नारिंगी, अंड्याच्या आकाराचे फळ येते, पण त्यात गर बेताचा आणि बेचव. तीन बोटांचे पान, कडा करवतीसारख्या, फूल फिकट जांभळे आणि तंतू नागमोडी कुरळे असले तर ती इन्कार्नाटा, उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातली. रोपवाटिकांत मिळणारी गडद जांभळ्या, सुगंधी फुलांची वेल पुष्कळदा संकर असते. तिला फळ धरत नाही, धरलेच तर पोकळ निघते. लाल फुलांच्या वेली आणखी वेगळ्या. त्यांची फुले मूळ देशात गुंजनपक्ष्यांसाठी (हमिंगबर्ड) घडलेली आहेत आणि ते पक्षी आपल्याकडे नाहीत.

बाजारात पॅशन फ्रूटचा रस मिळतो तो पॅसिफ्लोरा एड्युलिस या जातीच्या फळांचा. तिचे पान तीन खोल बोटांचे, चकचकीत, करवती कडांचे; देठाच्या अगदी वरच्या टोकाला, पात्याला लागून दोन ग्रंथी; पाकळ्या पांढऱ्या, तंतू बुडाशी जांभळे आणि टोकाला पांढरे. तिचे दोन प्रकार आहेत. जांभळ्या सालीचे फळ लिंबाहून थोडे मोठे, वासाला सरस. पिवळ्या सालीचे त्याहून मोठे, जास्त आंबट. कोडगू जिल्ह्यातल्या चेट्टळ्ळीच्या बागायती संशोधन केंद्राने या दोहोंचा संकर करून 'कावेरी' हा वाण दिला आहे.

फळ का धरत नाही, याचे उत्तर या दोन प्रकारांच्या फरकात आहे आणि आमच्या मते या पत्रातला सर्वांत उपयोगी भाग हाच. जांभळ्या प्रकाराचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. स्वतःच्या परागावर त्याला फळ धरू शकते. पिवळ्याचे फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलते, रात्री मिटते, आणि स्वतःचा पराग ते स्वीकारत नाही. केवळ त्याच फुलाचा नव्हे, त्याच वेलीवरच्या दुसऱ्या फुलाचाही नाही. घरातल्या वेलीचे छाट लावून परसात दुसरी वेल वाढवली तरी ती मूळ वेलीचीच प्रत. तिचा पराग चालणार नाही. पिवळ्या प्रकाराच्या निदान दोन वेली वेगवेगळ्या बियांपासून वाढलेल्या किंवा वेगवेगळ्या मातृवेलींच्या हव्यात. एकटी वेल फुलांनी लगडूनही फळाविना राहते, यात खताचा दोष नसतो. अशा वेलीला वर आणखी युरिया देणे म्हणजे पाला वाढवणे.

दुसरी गोष्ट कुक्षीवृंतांची. फूल उमलते तेव्हा तिन्ही कुक्षीवृंत वर उभे असतात. साधारण तासाभरात ते हळूहळू वाकून परागकोशांच्या पातळीला येतात. त्याआधी कितीही पराग लावला तरी फारसा उपयोग नाही. काही फुलांत ते शेवटपर्यंत उभेच राहतात. अशी फुले केवळ पराग देतात, फळ देत नाहीत. हाताने परागण करायचे असेल तर पिवळ्या वेलीसाठी दुपारी एक ते चार ही वेळ धरावी. कुक्षी पुरत्या खाली वाकल्या आहेत ते पाहावे. दुसऱ्या वेलीच्या फुलातला पराग कोरड्या मऊ कुंचल्यावर किंवा सरळ बोटाच्या टोकावर घ्यावा आणि तिन्ही कुक्षींना टेकवावा. एकीलाच लावून थांबू नये. फळातला प्रत्येक थेंब रस बीभोवतीच्या पिशवीत असतो. जितकी बीजांडे फळतील तितक्या पिशव्या भरतील. अपुऱ्या परागाचे फळ बाहेरून बरे दिसते, पण आत हलके आणि अर्धे रिकामे असते. जांभळ्यासाठी हेच काम सकाळी करावे.

पाणी लागले की याचे परागकण फुटून वाया जातात. पराग लावल्यावर निदान दोन तास कुक्षी कोरड्या राहायला हव्यात. जांबोटी, कणकुंबीकडच्या जुलै-ऑगस्टच्या झडीत वेल फुलली तरी फळ का टिकत नाही ते यावरून कळेल. त्या पट्ट्यात पावसाळ्यातल्या फुलांवर भिस्त न ठेवता उघडीप मिळाल्यावरच्या फुलांवर कष्ट घ्यावेत. बेळगाव शहरात आणि पूर्वेकडे पावसाच्या खंडात काम साधते. नळीने वेलीवर वरून पाणी मारण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी. पाणी बुंध्याशी द्यावे.

निसर्गात हे काम करतो तो मोठा काळा भुंगा, वासे पोखरणारा. परागकोश ज्या उंचीवर लोंबतात ती त्याच्या पाठीची उंची आहे. तो तंतूंवर बसून झाकण सारतो, मध पितो आणि पाठीवर पराग घेऊन जातो. मधमाशी लहान पडते. ती परागकोशावर बसून पराग गोळा करते आणि बहुधा कुक्षीला न शिवता निघून जाते, म्हणजे वेलीच्या दृष्टीने तोटाच. जुन्या कौलारू घरांच्या वाशांत भुंग्याने भोके पाडली की लोक रॉकेल ओततात. ज्यांच्या दारी फळाची वेल आहे त्यांनी हे करू नये. वाळलेला मऊ लाकडी ओंडका किंवा जाड वाळके बांबू वेलीजवळ सावलीत, पावसापासून आडोशाला बांधून ठेवले तर भुंगे तिथे घर करतात. दुपारी, फुले उघडी असताना, कोणतेही कीटकनाशक मारू नये.

फळ धरले नाही तर फूल दोन-तीन दिवसांत गळते. धरले तर अंडाशय झपाट्याने फुगतो, तीन आठवड्यांत फळ पूर्ण आकाराचे होते, पण पिकायला परागणापासून ६० ते ८० दिवस लागतात. या मधल्या काळात मोठे हिरवे फळ पाहून हात शिवशिवतात. तोडू नये. पिकलेले फळ आपणहून खाली पडते. रोज सकाळी वेचावे. साल किंचित सुरकुतली की गोडी वाढते.

लागवडीबद्दल थोडक्यात. खड्डा ४५ सें.मी. लांब-रुंद-खोल, त्यात सुमारे १० किलो कुजलेले शेणखत, दोन वेलींत २ ते ३ मीटर अंतर, तारेचा भक्कम मांडव. खानापूर-बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी, निचऱ्याची जमीन तिला मानवते. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत बुंध्याशी पाणी साचले की बुंधा कुजतो, मर लागते आणि भरली वेल आठवड्यात वाळते. तिथे उंच वाफ्यावर लावावे, आळे बुंध्यापासून दूर करावे. जांभळ्या प्रकाराला मर आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी यांचा त्रास जास्त. म्हणून त्याचे कलम पिवळ्याच्या खुंटावर करतात. पाने चितकबरी, आखडलेली आणि फळे कडक, वेडीवाकडी येऊ लागली तर तो विषाणू. त्यावर औषध नाही, वेल उपटून जाळावी आणि तिचे छाट कुणालाही देऊ नयेत. फळ नव्या फुटीवर येते, तेव्हा बहार संपल्यावर बाजूच्या फांद्या चार-पाच डोळे ठेवून छाटाव्यात. न छाटलेला मांडव वरून हिरवागार आणि आतून वाळक्या काड्यांचा गुंता होतो.

रस्त्याकडेच्या झुडपांवर, पडीक शेतांच्या बांधांवर वेलघाणी दिसते, ती पॅसिफ्लोरा फेटिडा. अंगभर लव, पान चुरगळले की उग्र दर्प. तिची तीन छदे हिरव्या जाळीसारखी चिरलेली असतात, फळाला पिंजऱ्यासारखी वेढतात, आणि त्यांच्या टोकांवरच्या चिकट ग्रंथींना लहान किडे चिकटून मरतात. पिकलेले नारिंगी फळ मुले खातात, त्याने अपाय होत नाही. कच्चे मात्र खाऊ देऊ नये. हिचाही उगम अमेरिका खंडातच. बांधावर नको असेल तर फळे पिकण्याआधी काढावी, कारण पक्षी बी पसरवतात.

कच्च्या फळाचा धाक कशासाठी, तेही सांगायला हवे. या कुळातल्या अनेक वनस्पतींच्या पानांत आणि कच्च्या फळांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. ऊती चुरडल्या की ते मोकळे होते. फोनवर फिरणाऱ्या संदेशांत 'झोपेसाठी कृष्णकमळाच्या पानांचा काढा' सुचवलेला असतो. युरोपात औषधासाठी वापरतात ती इन्कार्नाटा ही एकच जाती, तिचा ठरावीक भाग, ठरावीक मात्रेत. कुंपणावरची निळी, लाल किंवा संकरित वेल म्हणजे ते औषध नव्हे. याहून घातक गोष्ट रानात आहे. सह्याद्रीच्या दाट जंगलात याच कुळातली अडेनिया नावाची वेल वाढते. हाताच्या पंजासारखे खोल चिरलेले पान, बगलेत ताणा, आणि पिकल्यावर लालभडक, उकलणारे फळ. ते दिसायला मोहक आणि विषारी आहे. चोर्ला, कणकुंबीकडे सहलीला जाणाऱ्यांनी 'हे रानटी पॅशन फ्रूट' समजून ते तोंडात घालू नये. मुलांना हे आवर्जून सांगावे.

हेच विष पचवणारी एक अळीही आहे. टॉनी कोस्टर या नारिंगी फुलपाखराची तांबूस, काटेरी अळी कृष्णकमळाची पाने खाते. वेलीचे विषच पुढे तिला आणि फुलपाखराला भक्षकांपासून वाचवते. अळ्यांनी वेल बोडकी केली तरी बुंधा निरोगी असला की ती पुन्हा फुटते. कोवळ्या रोपावरच्या अळ्या चिमट्याने उचलून बांधावरच्या वेलघाणीवर सोडाव्यात. तिथे त्या वाढतात आणि फवारणीचा खर्चही वाचतो.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. रोपवाटिकाचालकांनी रोपावर जातीचे शास्त्रीय नाव देवनागरीत व कन्नडमध्ये लिहावे आणि फळवेल असल्यास जांभळी, पिवळी की कावेरी ते सांगावे, असे आवाहन आपल्या शेती पानातून व्हावे. गिऱ्हाईक दोन्ही भाषांतले आहे आणि फसगत दोघांचीही सारखीच होते. दुसरी विनंती छायाचित्रांची. वाचक फुलाचे समोरून काढलेले एकच चित्र पाठवतात, त्यावरून जाती सांगता येत नाही. त्यांच्याकडून आणखी तीन चित्रे मागवावीत : उलट्या धरलेल्या फुलाची छदे, पानाच्या देठावरच्या ग्रंथी आणि उपपर्णे, आणि धरले असल्यास फळ. शिवाय फूल किती वाजता उमलले तेही लिहायला सांगावे.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे काही शिक्षक व फळबागायतदार
बेळगाव – खानापूर